दारापर्यंतची पट्टी

१

पट्टीला नक्षी काढून झाली की तिच्या टोकाचा बोटभर जाडीचा तुकडा कापायचा, मागे पेन्सिलीने आकडा टाकायचा आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचा. पुढे ती पट्टी कुठे फुटली, वाळवीने खाल्ली, तर हा तुकडा बघून तशीच दुसरी काढता येते. ही आमची रीत. मला ती दादाने शिकवली. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. बाप लवकर गेला, म्हणून तोच बाप आणि तोच गुरू. हात सैल होता. चुकलं की काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या पाठीत.

मी सुतार आहे. शाळा चौथीपर्यंत. पन्नास वर्षांत माझा एक दरवाजा फुगून अडकला नाही, एक खण खडखडला नाही. बढाई म्हणून सांगत नाही. पुढचं वाचून कोणाला वाटेल की म्हाताऱ्याचा हात चुकला असेल, डोळा चुकला असेल. म्हणून आधीच सांगतो. हात चुकलेला नाही. मी तपासून पाहिलं आहे.

दादाने जन्मभर हाताच्या रंध्याने नक्षी काढली. मी राउटर घेतला. दोन्ही हातांनी धरायचं विजेचं मशीन. त्याच्या पोटातलं बिट गरगर फिरतं आणि लाकडाची कड खात जातं. जसं बिट तशी नक्षी. दादाचं दिवसाचं काम ते तासात करतं. पहिली पट्टी काढली तेव्हा दादाला मुद्दाम बोलावून दाखवली. त्याने तिच्यावरून अंगठा फिरवला.

"गुळगुळीत आहे," तो म्हणाला. "पण हिला तोंड नाही. हाताच्या कामाला तोंड असतं."

"गिऱ्हाईक तोंड बघायला येत नाही, दादा."

"मग तुझ्याकडे माझं तरी काय काम?"

तिथे फाटलं. तीन वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मग तो गेला. त्याला आता दोन वर्षं झाली.

२

वहिनींची दृष्टी दादा असतानाच गेली होती. दादा गेल्यावर त्या एकट्याच राहायच्या. यंदा घरात पडल्या आणि मनगट मोडलं. माझ्या बायकोने मला विचारलं नाही. गेली आणि त्यांना बॅगेसकट घेऊन आली.

"विचारायचं तरी," मी म्हणालो.

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला नसतात. आठ दिवस तोंड वाकडं केलं असतंत. आता चारच दिवस कराल."

पुढची खोली वहिनींना दिली. खोली नवी, घर नवं. पहिल्याच दिवशी कपाटाचा कोपरा कपाळाला लागला. दुसऱ्या दिवशी त्या खिडकीलाच दार समजून उभ्या राहिल्या. बायको म्हणाली, भिंतीला दोरी बांधा, धरून चालतील.

दोरी. सुताराच्या घरात दोरी.

मी ठरवलं, कमरेच्या उंचीला लाकडाची पट्टी लावायची. पलंगापासून निघून, तीन भिंती धरून, खोलीच्या दारापर्यंत. दाराबाहेर बोळ. बोळाच्या मध्यावर न्हाणीघर आणि शेवटाला माझी कामाची खोली. न्हाणीघरापर्यंतची पट्टी सगळ्यात शेवटी करायची. अशा एकूण पाच पट्ट्या. वरची कड तळव्यात बसेल अशी गोल, तिच्याखाली बोटांच्या पेरांसाठी खाच, खाली पुन्हा लहान गोलाई. तीन बिटं, तीन फेरे. चार बोटं रुंदीचा जुना साग मी कित्येक वर्षं राखून ठेवला होता. कशासाठी राखला होता ते माहीत नव्हतं. आता कळलं, असं तेव्हा वाटलं.

पहिली पट्टी दुपारी काढली. लोण्यासारखी निघाली. टोकाचा तुकडा कापला, आकडा टाकला, खिळ्याला लावला.

चहाच्या वेळी वहिनी म्हणाल्या, "कोण आलं होतं, भाऊजी?"

"कोणी नाही."

"मशीन चालू होतं तेव्हा कोणीतरी बोलत होतं."

"मशीनचाच आवाज तो. घुमतो कानात."

"असेल." त्यांनी बशीवर कप ठेवला, अगदी मधोमध. "पण मशीन मध्येच श्वास घ्यायला थांबत नाही."

बायको हसली. "ताई, तुमचे कान म्हणजे अगदी डॉक्टरची नळी."

मी हसलो नाही.

३

आता ते सांगतो. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वीची दुपार. बायको बाजारात गेली होती. मी कामाच्या खोलीत मशीनवर होतो. दारातून येणारा उजेड अडला म्हणून मान वळवली. उंबऱ्यावर दादा उभा होता. तीन वर्षांनी. एक हात चौकटीवर. डावा पाय बाहेर वळलेला. तरुणपणी त्यावर वासा पडला होता, तेव्हापासून तो तसाच पडायचा. दादा बोलत होता. ओठ हलताना दिसत होते. मशीनपुढे काहीच ऐकू येत नव्हतं.

बटण माझ्या अंगठ्याखाली होतं.

मी मनात म्हणालो, तीन वर्षं गप्प होतास, अजून एक पट्टी थांब. आणि मान फिरवली. पट्टी पूर्ण केली. मध्ये थांबलं की बिट एकाच जागी फिरतं आणि लाकडावर काळा डाग पडतो. कोणताही सुतार सांगेल. पट्टी संपली, मशीन बंद केलं, वळलो. उंबरा रिकामा.

मी त्याच्या मागे गेलो नाही. म्हटलं, गेला असेल फणफणत.

तासाभराने कोपऱ्यावरचा न्हावी धावत आला. "तुमचे भाऊ बाकावर बसलेत. हलत नाहीत."

बाक आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. दादा बसला होता, हात छातीशी. न्हावी म्हणाला, "तुमच्याकडेच निघाले असतील बिचारे. पोचले नाहीत."

मी म्हणालो, "हो."

एवढंच. एक अक्षर. पण तेच पुढे सगळीकडे गेलं. वहिनींपर्यंतही. त्या अजून सांगतात, "तुमच्याकडेच येत होते. भांडण मिटवायला. पोचले असते तर वाचले असते. तुम्ही होतात ना घरी."

दोन वर्षं मी हे ऐकतो आणि मान हलवतो. त्यांना दिसत नाही, तरी हलवतो.

४

दुसरी पट्टी काढली. टोक कापलं. तुकडा खिळ्याला लावताना पहिल्या तुकड्याशेजारी आला आणि हात थांबला.

दोन्ही एकसारखे नव्हते.

मशीनच्या कामात असं होत नाही. बिट तेच, कापाची खोली तीच, कडेचं गाईड घट्ट आवळलेलं. मैलभर पट्टी काढा आणि कुठेही कापा, तोंड तेच दिसायला हवं. मी दोन्ही तुकडे खिडकीशी नेले.

वरची गोलाई म्हणजे कपाळ. खाचेच्या वर एक उंचवटा होता. तो मी काढला नव्हता. नाक. नाकाच्या मध्यावर टेंगूळ. त्याखाली दोन ओठ, खालचा जाड, पुढे आलेला. मग हनुवटी. बाजूने पाहिलेला चेहरा. पहिल्या तुकड्यात ओठ मिटलेले. दुसऱ्यात किंचित उघडे.

ते टेंगूळ मला माहीत आहे. मी बारा वर्षांचा असताना माझ्या हातून फळी निसटली आणि दादाच्या नाकावर बसली. तेव्हा त्याने मला मारलं नाही. एवढ्या एकाच वेळी मारलं नाही.

मी तुकडे खाली ठेवले. बिटं काढली, पुसली, भिंगाखाली पाहिली. एकाची धार थोडी गेली होती. गाईडचा नट अर्धा आटा सैल होता. म्हटलं, बघ, हे आहे कारण. लाकूड जुनं, कुठे मऊ, कुठे कडक. मशीन थरथरलं की पट्टी हलते. ढगातही माणसं दिसतात. घरात आंधळी बाई, मन दादाच्या आठवणीत, मग दिसायचंच.

नट आवळला. बायकोला बोलावलं.

"हे बघ. काय दिसतं?"

तिने तुकडे हातात घेऊन फिरवले. "नक्षी दिसते. छान आहे. का?"

"काही नाही."

"चष्म्याचा नंबर बघून घ्या," ती म्हणाली. "किती वर्षं सांगते आहे."

दोन्ही पट्ट्या भिंतीला बसवल्या. कोपऱ्यावरचा सांधा असा बसला की नख जाणार नाही. मापात काही चूक नव्हती.

५

वहिनींना पट्टी दाखवायला मीच घेऊन गेलो. त्यांचा चांगला हात तिच्यावर ठेवला. "इथून धरायचं, वहिनी. कोपरा आला की पट्टीच वळवेल तुम्हाला."

त्यांनी हात पुढे सरकवला. दोन पावलं गेल्या आणि हात हळू झाला. अंगठा वर, बोटं खाली. बोटं खाचेत नव्हती. खाचेच्या खाली होती.

दादाची दाढी त्याच रोज तपासायच्या, हे सांगायला हवं. डोळे गेल्यापासूनची त्यांची सवय. दादा दाढी करून यायचा, वहिनी गालावरून अंगठा फिरवायच्या आणि डाव्या जबड्याखाली थांबून म्हणायच्या, "इकडे राहिली आहे." रोज तिथेच राहायची. दादा मुद्दाम ठेवतो, असं आम्ही म्हणायचो.

"ही नक्षी कोणाची, भाऊजी?"

"माझी."

"बरं," त्या म्हणाल्या. आणि खिडकीपर्यंत गेल्या. तिथे पट्टी संपत होती. त्या उलट्या वळल्या, पलंगापर्यंत आल्या. पुन्हा गेल्या.

दुसऱ्या दिवशी बायको भाजी निवडताना म्हणाली, "ताई दिवसभर त्या पट्टीवरून फिरताहेत. मी म्हटलं पाय दुखतील. तर हसतात. नव्या नवरीसारख्या हसतात, अहो. चला, तुमच्या हातून एक तरी काम असं झालं की माणूस हसलं."

मी तिसरी पट्टी काढत होतो. नट तीन वेळा आवळला होता. बिट नवं आणलं होतं. मशीन चालू असताना मी कान देऊन ऐकलं. मशीनच होतं. फक्त मशीन. एकच सूर, वर नाही, खाली नाही. मी दाराकडे पाठ केली होती. नेहमीच करतो; उजेड खिडकीतून येतो.

पाठ गार वाटत होती. उन्हाळा होता.

टोक कापलं. न बघता आकडा टाकला. न बघता खिळ्याला लावलं. मग पाहिलं.

तोंड पूर्ण उघडलं होतं.

६

लाकडाला विचारायचं असेल तर कापून विचारावं, असं दादा म्हणायचा. तिसऱ्या पट्टीचा हातभर तुकडा उरला होता. मी त्याचे बोटबोटभर काप केले. बावीस निघाले. ज्या क्रमाने कापले त्याच क्रमाने टेबलावर उभे मांडले. खिडकीचा उजेड बाजूने पडत होता.

बावीसही एकच चेहरा. कपाळ तेच, टेंगूळ तेच. ओठ तेवढे वेगळे. उघडे. थोडे जवळ. मिटलेले. खालचा आत ओढलेला. पुन्हा उघडे, गोल. मी अख्ख्या पट्टीवरून लांबीने अंगठा फिरवला. कुठे पायरी नाही, खाच नाही, काचेसारखी गुळगुळीत. इतकं सावकाश वळण लाकडात घालणं दादालाही जमलं नसतं. मला तर नाहीच.

मला राग आला. भीती नाही, राग. म्हटलं, बोलायचं आहे ना, मग बघतोच काय बोलतोस.

पहिल्या कापाकडे पाहून मी माझे ओठ तसे केले. मग दुसऱ्याकडे पाहून. तिसऱ्याकडे. आवाज काढला नाही, नुसते ओठ. साठी उलटलेला माणूस बंद खोलीत लाकडाला वेडावतो आहे. कोणी पाहिलं असतं तर डॉक्टर बोलावला असता. चौथा. पाचवा.

सहाव्या कापाकडे मी अजून पाहिलं नव्हतं. माझे ओठ आधीच हलले. मग पाहिलं. अगदी तसेच होते.

मी तोंडावर हात ठेवला. हाताखाली ओठ हलत होते.

बावीसही काप पोत्यात भरले, तोंड बांधलं, माळ्यावर टाकलं. मग बसून पाणी प्यायलो. बराच वेळ पाणी तोंडात धरून ठेवलं.

७

तिसरी आणि चौथी पट्टी लावली. का लावली? कारण बायको विचारायची, वहिनी वाट बघायच्या, आणि काम अर्धवट सोडलं असं माझ्याबद्दल कोणी आजवर म्हटलेलं नाही. आता पट्टी पलंगापासून दारापर्यंत आली होती. न्हाणीघरापर्यंतची एकच राहिली.

त्या दिवशी आम्ही तिघं जेवत होतो. वहिनींचं जेवण झालं होतं. त्यांची बोटं टेबलाच्या कडेवरून फिरत होती, सवयीने.

"भाऊजी, ते आले होते ना तुमच्याकडे?"

"कोण?" मी विचारलं. माझाच आवाज मला लांबून आला.

"काही नाही." बोटं कडेच्या टोकाशी आली. "दारापर्यंत ते तुमचं नाव घेतात. मग काहीतरी मागतात. काय मागतात ते कळायच्या आत पट्टी संपते."

बायकोचा घास हातात राहिला. ती माझ्याकडे बघायला लागली. मी ताटाकडे.

"ताई, औषध घेतलंत का?" तिने विचारलं.

"घेतलं," वहिनी म्हणाल्या. "शेवटची पट्टी कधी करताय, भाऊजी?"

"लाकूड संपलं."

"संपलं कसं?" बायको म्हणाली. "माळ्याखाली एक पट्टी उभी आहे ती कशाची? मी रोज झाडते तिथे."

वहिनी हसल्या. दादा थट्टा करायचा तेव्हा हसायच्या, तशा. "होऊ द्या सावकाश. दोन वर्षं थांबले, अजून दोन दिवस थांबेन."

मी रात्रभर विचार केला. पट्टी केली नाही तर वहिनी विचारत राहतील आणि बायको बघत राहील. केली तर वहिनींच्या बोटांना सगळं कळेल. दादा पोचला होता. उंबऱ्यावर उभा राहून काहीतरी मागत होता. पाणी म्हणा, हात म्हणा, डॉक्टर म्हणा. आणि मी पट्टी पूर्ण केली. वहिनींना या जगात आधाराला दोन गोष्टी आहेत. एक ही पट्टी, आणि एक ते माझं 'हो'. दोन्ही मीच लावलेल्या.

सकाळी वाटलं, सांगून टाकावं. वहिनींच्या दाराशी गेलो. त्या पट्टीला धरून उभ्या होत्या, माझ्याकडे पाठ करून. बोटं ओठांच्या जागी.

"कोण?" त्यांनी विचारलं.

मी पाय न वाजवता मागे फिरलो.

८

दुपारी बायको बाजारात गेली. मी शेवटची पट्टी टेबलावर आवळली.

ठरवलं होतं की गोल बिट लावायचंच नाही. नक्षी नको, खाच नको. कडा मारायच्या आणि झालं. चपट्या पट्टीला कसलं तोंड. सरळ बिट घातलं, नट आवळला, बोटाने फिरवून पाहिलं. सरळ होतं. मशीन चालू केलं.

हातभर पुढे गेलो. भुसा हवेत उडत होता, उन्हाच्या पट्ट्यात दिसत होता. बिटाच्या मागे जी कड निघत होती ती सरळ नव्हती. मी बघत होतो तरी ती सरळ नव्हती. वर कपाळ गोल होत होतं.

मग खोलीतला उजेड कमी झाला. खिडकीतला नाही. मागचा. दारातून येतो तो.

या वेळी मी वळलो नाही. या वेळी मी बटण दाबलं.

मशीन थांबायला थोडा वेळ घेतं. सूर खाली खाली येतो आणि मग शांत होतं. इतकं शांत की भुसा खाली बसताना ऐकू येईल. लाकडावर काळा डाग पडला होता. मी तो पाहिला आणि मग वळलो.

उंबरा रिकामा होता. उजेड मोकळा होता. मी श्वास सोडला आणि खाली पाहिलं.

फरशीवर सगळीकडे भुशाचा पातळ थर बसला होता, पिठासारखा. उंबऱ्याच्या आत दोन जागा स्वच्छ होत्या. पावलांच्या आकाराच्या. भुसा पडत असताना तिथे कोणीतरी उभं असावं, तशा. उजवी सरळ. डावी बाहेर वळलेली.

बोळातून आवाज आला. लाकडावरून हात घासत येतो तो. सर्र, मग पाऊल. सर्र, मग पाऊल. वहिनी खोलीतून येत होत्या. दाराशी पट्टी संपते. आवाज थांबला. मी म्हटलं, आता त्या थांबतील. बोळात धरायला काहीच नाही.

पाऊल पुन्हा वाजलं. वहिनी बोळात आल्या. हात पुढे, कमरेच्या उंचीला, हवेत. अंगठा वर, बोटं खाली. बोटं सरकत होती. भिंतीपासून वीतभर लांब, कशावरून तरी.

त्या उंबऱ्याशी थांबल्या. त्या दोन स्वच्छ जागांच्या समोर. हात वर गेला. माझ्या डोळ्यांसमोर वर गेला, माणसाच्या चेहऱ्याइतका. अंगठा हळूच फिरला, खाली आला आणि एका जागी थांबला.

"इकडे राहिली आहे," वहिनी म्हणाल्या.

माझा हात मशीनवर होता.

"भाऊजी, मशीन बंद आहे ना?" त्यांचा हात अजून तिथेच होता. "ते परत सांगताहेत. नीट ऐका हं आता."

श्वास आत घेतल्याचा आवाज आला. वहिनींचा नव्हता. वहिनींचं तोंड मिटलेलं होतं. बोलायच्या आधी माणूस घेतो तो श्वास. छातीत दुखत असताना घेतो तसा, अर्धा.

बटण माझ्या अंगठ्याखाली होतं.

मी मशीन चालू केलं.

खोली आवाजाने भरली. आता मला काहीच ऐकू येत नव्हतं. पण वहिनींनी मान कलती केली, मशीनच्या आवाजाखालचं काही ऐकताना करतात तशी. त्या ऐकत होत्या. एकदा मान हलवली. पुन्हा हलवली. चेहऱ्यावरचं हसू होतं तसंच राहिलं, मग हळूहळू गेलं. हात खाली आला.

मग त्यांनी तोंड माझ्याकडे केलं. दिसत नसलेले डोळे, पण नेमके माझ्यावर. आणि वहिनींचे ओठ हलायला लागले. मला काहीतरी सांगत होत्या. किंवा विचारत होत्या.

मी मान फिरवली. मशीन पट्टीवर टेकवलं आणि पुढे ढकलत राहिलो. मध्ये थांबलं की डाग पडतो. कोणताही सुतार सांगेल.